रुस्तुम-ए-जमाँ गामा

कुस्ती डावांनी जिंकली जाते हे खरे. परंतु देहात दम नसेल तर उत्तम डावही अर्ध्यावरच तुटतो. हे मर्म आयुष्यभर आचरणात आणणारा मल्ल म्हणजे गामा. त्याचे मूळ नाव गुलाम मोहम्मद बक्ष. पंजाबातील मल्लांच्या घराण्यात जन्मलेल्या गामाचे पितृछत्र बालपणीच हरपले. १८८८ साली जोधपूरला भरलेल्या बैठकांच्या स्पर्धेत शेकडो कसलेल्या पहिलवानांत हा सुमारे दहा वर्षांचा मुलगा अखेरपर्यंत टिकला आणि महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. पुढे दतिया संस्थानाने त्याला आश्रय दिला.

रोज ५,००० बैठका, ३,००० जोर आणि आखाड्यात ४० जोडीदारांशी लढत, अशी त्याच्या मेहनतीची ख्याती होती. बैठकांनी मांड्या पोलादी होत, जोरांनी खांदे, छाती व पाठ एकाच लयीत कामाला लागत. बैठका मारताना तो वापरीत असे ते ९५ किलोचे कडे पतियाळाच्या क्रीडा संग्रहालयात आहे. १९०२ मध्ये त्याने उचललेला सुमारे १,२०० किलोचा दगड सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातील संग्रहालयात जपलेला आहे.

१९१० मध्ये गामा लंडनला गेला, तेव्हा साडेपाच फुटांच्या आसपासची त्याची उंची पाहून आयोजकांनी प्रवेश नाकारला. त्याने जाहीर आव्हान दिले आणि अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला चीत केले. पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को मात्र अडीच तासांहून अधिक काळ मॅटला चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. फेरलढतीस तो आलाच नाही आणि 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. मायदेशी परतल्यावर त्याने अलाहाबादला महाकाय रहीम बक्ष सुलतानीवाला याला नमविले. १९२८ मध्ये पतियाळात झ्बिस्को पुन्हा समोर आला, तेव्हा पन्नाशीतल्या गामाने त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखविले.

फाळणीच्या वणव्यात लाहोरच्या मोहनी रोडवरील हिंदू शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी हाच मल्ल जमावापुढे उभा ठाकला. कमावलेल्या बळाचा याहून मोठा कस कोणत्याच आखाड्यात लागला नव्हता. अखेरची वर्षे मात्र आजारपणात व विपन्नावस्थेत गेली. भारतातून घनश्यामदास बिर्ला यांनी त्याला आर्थिक साहाय्य केले. २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये हा अजिंक्य मल्ल काळाच्या पडद्याआड गेला.