अबेबे बिकिला

इथिओपियाच्या बादशहाच्या शरीररक्षक पथकातील शिपाई अबेबे बिकिला याचा जन्म १९३२ सालचा. १९६० साली रोमच्या मॅरेथॉनपूर्वी नवे बूट त्याच्या पायांस बसेनात. फोड येऊ लागले. अनवाणी धावण्याची सवय होतीच. बूट बाजूस ठेवून तो तसाच धावला व पहिला आला. १९६४ साली टोकियोस मात्र बूट-पायमोजे घालून त्याने पुन्हा सुवर्णपदक मिळविले. हट्ट कशाचाच नव्हता. पाय सांगतील ते तो ऐके. आम्ही शर्यतीच्याच दिवशी कोरे बूट व घामाने भिजणारे सैल सुती मोजे घालितो, आणि कातडी घासून फोड आले की नशिबास दोष देतो. १९६९ साली मोटार-अपघाताने ते पाय कायमचे निकामी झाले. तेव्हा त्याने धनुष्यबाण हाती घेतला. १९७३ साली तो वारला. आहेत तोवर पाय जपावे, एवढे तरी आम्ही त्याजपासून शिकावे.