डॉ. पॉल ब्रँड आणि न दुखणारे पाय

मागच्या वर्षी आमच्या थोरल्या काकांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. मधुमेह जुना. चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर टोचत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यानंतर मी डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी वाचायला घेतले.

ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. नवव्या वर्षी त्यांना शिकायला इंग्लंडला धाडले. वडील १९२९ मध्ये इथेच तापाने वारले. बापलेकांची पुन्हा भेट झालीच नाही. पॉल आधी सुतारकाम, गवंडीकाम शिकले, मग डॉक्टर झाले आणि १९४६ साली वेल्लोरला आले.

कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात, असे तेव्हा सगळे धरून चालत. ब्रँडना दिसले ते वेगळेच. पायाला विश्रांती दिली की जखम इतरांसारखीच भरते. नस मेलेली, म्हणून दुखत नाही. दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. काहींची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत. त्यांना सोबत मांजरे द्यावी लागली!

आपण लांब चाललो की तळवा हुळहुळतो आणि नकळत आपण पाऊल वेगळे टाकतो. बधिर पाय मात्र हजारो पावले त्याच जागी भार घेतो. आतले मांस सुजते, शेवटी फुटते. भार कुठे पडतो हे पाहण्याची नजर त्यांना गवंडीकामातूनच आली असावी, असे मला वाटते. त्यांनी प्लास्टर घालून जखमा भरवल्या, नंतर मऊ रबराच्या चपला दिल्या. (आपल्या हुबळीत जन्मलेले डॉ. नोशीर अंतिया यांनीही पुढे पुण्यात कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या.)

एकदा लंडनमध्ये ब्रँड यांचीच टाच बधिर झाली. सुई टोचली, कळली नाही. आपल्यालाही रोग लागला, या धास्तीत रात्र गेली. सकाळी पुन्हा टोचली तेव्हा कळ मस्तकात गेली आणि त्यांना कोण आनंद झाला!

१९६६ साली ते अमेरिकेत कारव्हिलला गेले. तिथे मधुमेहींच्या पायांतही त्यांना तेच दुखणे दिसले आणि तेच उपाय लागू पडले. भार वाढला की इशारा देणारे यंत्रही त्यांनी करून पाहिले, पण रोगी ते बंद करून टाकत. २००३ साली ते वारले.

आमच्या काकू आता रोज रात्री काकांचे तळवे बघतात, सकाळी चपलेत हात फिरवूनच ती पुढे ठेवतात. काका कुरकुरतात.