कुलूप कारागिराच्या मुलाचा हिशेब

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातली विजेची भट्टी नीट तापेनाशी झाली, की वायरमन मीटर काढतो. व्होल्टेज पाहतो, करंट पाहतो आणि मनातल्या मनात भागाकार करतो. या साध्या भागाकारावर एका शाळामास्तराने आपली नोकरी पणाला लावली होती, हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलपे बनवणारे कारागीर. स्वतः शिकून त्यांनी मुलांनाही गणिताची गोडी लावली. मुलगा विद्यापीठात गेला आणि नाच, बिलियर्ड यांतच रमला. वडिलांनी कान पकडून त्याला बाहेर काढले. मग स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी करीत त्याने गणिताचा अभ्यास केला, १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १८१७ मध्ये तो कोलोनच्या शाळेत शिकवू लागला.

विजेचे मोजमाप तेव्हा चाचपडतच चालले होते. व्होल्टाच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरे. १८२६ साली ओहमने ती बाजूला ठेवली आणि तांबे व बिस्मथ यांचे सांधे घेतले. एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दाब स्थिर राहिला. मग सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून त्याने चुंबकसुई किती वळते ते मोजले. नियम हाती आला: दाबाला धारेने भागले की तारेचा रोध मिळतो.

शाळेतून रजा घेऊन त्याने १८२७ मध्ये ग्रंथ छापला. आशा प्राध्यापकपदाची होती. वाट्याला आली उपेक्षा. गणिताच्या भाषेतले पदार्थविज्ञान तिथल्या अनेक विद्वानांना रुचले नाही. १८२८ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला नोकरी लागली, पण खरा मान मिळाला तो परदेशातून: १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक. त्याच सुमारास इंग्लंडच्या जूलने दाखवून दिले, की तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. शक्तीचा हिशेब त्यातूनच पुरा झाला: दाब गुणिले धारा.

आता आपल्या घरचे उदाहरण घ्या. पाणी तापवायचा हीटर २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल, तर त्याचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट. दाब १८४ वर घसरला, की धारा ४ अँपिअर आणि शक्ती अवघी ७३६ वॅट. दाब पाचव्या हिश्शाने घटला, पण ऊब एक तृतीयांशाहून अधिक गेली. शेतातल्या पंपाच्या मोटारीचे मात्र उलटे असते. पाण्याचा भार तोच राहतो, म्हणून दाब उतरला की ती जास्त धारा ओढते, गुंडाळीतली उष्णता वर्गाच्या पटीत चढते आणि मोटार जळते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा हिशेब नुकसानीतून शिकावा लागतो.

म्युनिकचे प्राध्यापकपद ओहमला १८५२ मध्ये मिळाले. १८५४ मध्ये तो वारला. १८८१ च्या पॅरिस परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले. ते नाव आज वायरमनच्या मीटरवर रोज दिसते.