माणसांची पारख

डिचोली महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय १६६८ साली शिवछत्रपतींनी पुन्हा बांधविले. १६३० साली शिवनेरीवर जन्मलेल्या या पुरुषाने माणसेही अशीच जागच्या जागी बसविली. एकट्याच्या लोभापायी गड जाऊ नये म्हणून हवालदार, सबनीस व सरनोबत या तिघांस सारखा अधिकार दिला. बडतर्फीनंतर मोगलांकडे गेलेले नेताजी पालकर १६७६ साली परतले, तेव्हा त्यांस जवळ केले. मात्र तापट प्रतापराव गुजरांस महाराजांचा ठपका जिव्हारी लागला. १६७४ साली ते नेसरीस अवघ्या सहा स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले व कामास आले. एकास जो शब्द जागा करतो तोच दुसऱ्याचा घात करतो. १६८० साली महाराज रायगडी निवर्तले. त्यांच्या हाताखालचे रामचंद्रपंत अमात्य पुढे करवीर राज्याचे आधार झाले.