सॅचेल पेज

लिरॉय रॉबर्ट पेज ऊर्फ सॅचेल पेज (७ जुलै, १९०६ - ८ जून, १९८२) हे अमेरिकेचे व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होते. उजव्या हाताने चेंडू फेकणारे पिचर म्हणून त्यांनी सुमारे चार दशके अनेक संघांकडून खेळ केला. अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक स्पर्धा (मेजर लीग) कृष्णवर्णीयांना बंद असल्यामुळे त्यांच्या उमेदीचा बहुतेक काळ निग्रो लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांत आणि गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत गेला. मेजर लीगमध्ये त्यांचे पदार्पण झाले, तेव्हा त्यांना ४२ वर्षे पूर्ण झाली होती. १९७१ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला.

जन्म आणि बालपण

पेज यांचा जन्म अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या शहरी झाला. वडील बागकाम करीत, तर आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी. बारा भावंडांत लिरॉय सातवे होते. कुटुंबाने पुढे आपल्या आडनावाच्या इंग्रजी वर्णलेखनात एका अक्षराची भर घातली.

लहान वयातच ते रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाहू लागले. एका काठीला अनेक पिशव्या अडकवून त्या एकाच खेपेत नेण्याची युक्ती त्यांनी काढली आणि त्यावरून त्यांना ‘सॅचेल’, म्हणजे पिशवी, हे टोपणनाव पडले, असे ते सांगत. एका बालमित्राच्या सांगण्यानुसार मात्र पिशवी चोरताना पकडले गेल्यामुळे हे नाव मिळाले.

शाळा चुकवणे आणि दुकानातून किरकोळ वस्तू चोरणे या कारणांवरून जुलै १९१८ मध्ये, वयाची बारा वर्षे पूर्ण होताच, त्यांची रवानगी माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे ते साडेपाच वर्षे राहिले. बेसबॉलचे शिस्तबद्ध शिक्षण त्यांना याच ठिकाणी मिळाले. एडवर्ड बर्ड या प्रशिक्षकांनी त्यांना डावा पाय उंच उचलून चेंडू फेकण्यास शिकवले आणि फलंदाजाच्या हालचालींवरून त्याचे कच्चे दुवे हेरण्याची सवय लावली. डिसेंबर १९२३ मध्ये त्यांची सुटका झाली.

निग्रो लीगमधील कारकीर्द

मोबील येथील अर्धव्यावसायिक संघातून खेळल्यानंतर १९२६ साली चॅटनूगा येथील संघाने पेज यांना करारबद्ध केले. पुढील वर्षी ते बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स संघात गेले. त्यांचा चेंडू अतिशय वेगवान असे आणि अचूकता त्याहूनही विलक्षण होती. होम प्लेटच्या जागी काडेपेटी किंवा च्युइंगगमचा कागद ठेवून त्यावरून चेंडू फेकण्याचा सराव ते प्रेक्षकांसमोर करीत. त्यांच्या नावावर गर्दी जमते हे ध्यानात आल्यावर मालक त्यांना एखाद्या सामन्यापुरते दुसऱ्या संघाला भाड्याने देऊ लागले. उत्पन्नाचा वाटा खेळाडूलाही मिळे, त्यामुळे पेज यांनाही ही व्यवस्था सोयीची वाटे.

१९३१ साली ते गस ग्रीनली यांच्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात दाखल झाले. जॉश गिब्सन, ऑस्कर चार्लस्टन, जूडी जॉन्सन आणि ‘कूल पापा’ बेल यांसारखे खेळाडू पुढे या संघात एकत्र आले. ४ जुलै, १९३४ रोजी होमस्टेड ग्रेज संघाविरुद्ध पेज यांनी एकही हिट न देता सामना जिंकून दिला आणि १७ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले.

करार मोडून अधिक पैसे देणाऱ्याकडे जाणे ही त्यांची ख्याती होती. मालकांना हा बेभरवशाचेपणा वाटे. तथापि ज्या व्यवसायात वेतन अनिश्चित, प्रवास रात्रीच्या बसचा आणि अनेक शहरांत कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली मिळणेही दुरापास्त होते, त्या व्यवसायात स्वतःच्या कौशल्याचे मोल खेळाडूने स्वतःच ठरवण्याचा तो एक मार्ग होता. १९३५ साली ते नॉर्थ डकोटा राज्यातील बिस्मार्क या लहान शहराच्या संघाकडे गेले. त्या संघात श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र खेळत. त्याच वर्षी विचिटा येथे भरलेली पहिली नॅशनल बेसबॉल काँग्रेस स्पर्धा या संघाने जिंकली. पेज यांनी स्पर्धेत ६० स्ट्राइकआउट नोंदवले.

१९३७ साली गिब्सन व बेल यांच्यासह ते डॉमिनिकन प्रजासत्ताकात खेळण्यास गेले. हुकूमशहा राफाएल त्रुहियो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजधानीच्या संघासाठी त्यांना नेण्यात आले होते. सशस्त्र सैनिकांच्या पहाऱ्यात झालेली ती स्पर्धा या संघाने जिंकली. मायदेशी निग्रो नॅशनल लीगने या खेळाडूंवर बंदी घातली.

दुखापत आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स

१९३८ साली मेक्सिकोत खेळत असताना पेज यांचा खांदा दुखावला. हात वर उचलणेही कठीण झाले आणि त्यांची कारकीर्द संपली असे मानले जाऊ लागले. या काळात कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्यांना आपल्या दुय्यम, फिरत्या संघात घेतले. लहान गावांतील लोक त्यांचे नाव ऐकून तिकीट काढत. ते काही वेळ हळू चेंडू फेकत किंवा दुसऱ्या जागी क्षेत्ररक्षण करीत. १९३९ च्या हंगामात त्यांच्या हातात पुन्हा बळ आले. केवळ वेगावर विसंबून चालणार नाही, हे कळल्यामुळे त्यांनी याच सुमारास वळणारे व संथ चेंडू आपल्या भात्यात घेतले. पुढे पन्नाशीपर्यंत टिकून राहण्यास त्यांना हीच विद्या उपयोगी पडली.

१९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये मोनार्क्सने होमस्टेड ग्रेजचा पराभव केला. त्या मालिकेत जुने सहकारी गिब्सन यांना समोर आणण्यासाठी पेज यांनी मुद्दाम इतर फलंदाजांना बेसवर जाऊ दिले आणि मग गिब्सन यांना बाद केले, अशी कथा प्रसिद्ध आहे. गिब्सन यांना त्यांनी मोक्याच्या क्षणी स्ट्राइकआउट केले हे खरे असले, तरी कथेतील तपशिलांत सांगोवांगीचा भाग मोठा आहे.

मेजर लीगमध्ये प्रवेश

डिझी डीन, बॉब फेलर आदी नामांकित श्वेतवर्णीय पिचरांच्या संघांविरुद्ध पेज प्रदर्शनी सामने खेळत. त्यामुळे त्यांची गुणवत्ता सर्वांना ठाऊक होती. तरीही १९४७ साली वर्णभेदाची भिंत ओलांडण्याचा मान मोनार्क्समधील त्यांचे तरुण सहकारी जॅकी रॉबिन्सन यांना मिळाला. ही संधी प्रथम आपल्याला मिळावी, अशी पेज यांची अपेक्षा होती आणि त्याचे शल्य त्यांना दीर्घकाळ राहिले.

७ जुलै, १९४८ रोजी, ४२ व्या वाढदिवशी, बिल व्हेक यांनी त्यांना क्लीव्हलँड इंडियन्स संघात घेतले. ही केवळ प्रसिद्धीची क्लृप्ती आहे, अशी टीका ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या नियतकालिकातून झाली. पेज यांनी त्या हंगामात सहा सामने जिंकले आणि एक गमावला. २० ऑगस्ट रोजी शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्धचा त्यांचा सामना पाहण्यास ७८,३८२ प्रेक्षक आले. तो त्यांनी १-० असा जिंकून दिला. त्या वर्षी क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि तीत चेंडू फेकणारे पेज हे पहिले कृष्णवर्णीय पिचर ठरले.

१९४९ च्या हंगामानंतर क्लीव्हलँडने त्यांना मुक्त केले. १९५१ ते १९५३ या काळात ते व्हेक यांच्याच सेंट लुईस ब्राउन्सकडून खेळले. १९५२ साली त्यांनी १२ सामने जिंकले. १९५२ व १९५३ या दोन्ही वर्षी त्यांची ऑल-स्टार संघात निवड झाली. मेजर लीगमधील त्यांची एकूण नोंद २८ विजय, ३१ पराभव आणि २८८ स्ट्राइकआउट अशी आहे.

शैली

ताठ, उंच, सडपातळ बांधा आणि मैदानावरील संथ चाल हे पेज यांचे वैशिष्ट्य होते. आपल्या चेंडूंना ते गमतीदार नावे देत. त्यांपैकी ‘हेझिटेशन पिच’ विशेष गाजला. पुढचा पाय जमिनीवर टेकल्यानंतर ते क्षणभर थबकत आणि मगच चेंडू सोडत. त्या विलंबाने फलंदाजाचा अंदाज चुके. १९४८ साली अमेरिकन लीगच्या अध्यक्षांनी या चेंडूला मनाई केली.

उत्तरायुष्य

१९५६ ते १९५८ या काळात पेज मायामी मार्लिन्स या दुय्यम श्रेणीच्या संघात होते. १९६२ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २५ सप्टेंबर, १९६५ रोजी, ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सकडून बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध ते मैदानात उतरले. मालक चार्ल्स फिन्ली यांनी त्यांच्यासाठी झुलती खुर्ची आणि परिचारिका ठेवून प्रसंगाचा तमाशा केला होता. पेज यांनी तीन इनिंगांत एकही धाव दिली नाही. त्यांना एकच हिट मारता आला, तो कार्ल यास्ट्रझेम्स्की यांना.

मेजर लीगचे निवृत्तिवेतन मिळण्यास त्यांची सेवा १५८ दिवसांनी कमी पडत होती. अनेक संघांनी नकार दिल्यानंतर १९६८ साली अटलांटा ब्रेव्ह्जने त्यांना नोकरी देऊन ती अट पूर्ण करून दिली. ८ जून, १९८२ रोजी कॅन्सस सिटी येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या तीनच दिवस आधी तेथील एका क्रीडांगणाला त्यांचे नाव देण्यात आले होते आणि त्या समारंभास ते चाकांच्या खुर्चीतून उपस्थित राहिले होते.

सन्मान

निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी नेमलेल्या समितीने हॉल ऑफ फेमसाठी प्रथम निवडलेले खेळाडू पेज होते. आरंभी या खेळाडूंसाठी वेगळे दालन ठेवण्याचा विचार होता. मैदानावरील वर्णभेद संग्रहालयातही चालू ठेवण्याचा हा प्रकार आहे, अशी टीका झाल्यावर तो मागे घेण्यात आला आणि ऑगस्ट १९७१ मध्ये पेज यांना इतरांच्या बरोबरीने स्थान मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मुख्य श्रेणीचा दर्जा दिला. त्यामुळे पेज यांनी तरुणपणी त्या स्पर्धांत केलेली कामगिरीही आता मेजर लीगच्या अधिकृत नोंदींचा भाग आहे.