बटाट्यातलं लोखंड आणि कमलाबाई

कॉम्प्लेक्स म्हटलं की आपल्याला फर्स्ट इयरचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल आठवतं. इनामगावच्या विहिरीचं पाणी आणा नाहीतर पुण्याच्या नळाचं, ब्युरेटमधून ईडीटीए सोडलं की ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला खेकड्यासारखं धरतं आणि लाल रंग निळा होतो. रीडिंग घ्यायचं (किंवा शेजाऱ्याचं बघायचं!), सबमिशन संपलं. पण सेंद्रिय रेणूने धातूला असंच धरून ठेवणं आपल्या पेशींतही चालू असतं, आणि ते बटाट्यात शोधणारी बाई मराठी होती.

डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. जन्म 1911 चा. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या सख्ख्या बहीण. वडील आणि काका बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. 1933 मध्ये बी.एस्सी. पहिल्या नंबराने झाल्यावर कमलाबाईंनीही तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. केवळ मुलगी म्हणून अर्ज नाकारला गेला!

कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्या दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर राबल्या. वर्षभराने रामन यांनीच त्यांना नियमित केलं आणि पुढे मुलींना तिथे दार उघडलं. रामन इफेक्ट आपण पाठ करतो, हा इफेक्ट मात्र सिलॅबसमध्ये नाही.

मग केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. यात लोखंडाचा एक अणू असतो. पॉरफिरिन कड्याचे चार नायट्रोजन त्याला चहूबाजूंनी धरतात, वरखाली प्रथिनातले हिस्टिडीन आणि मेथिओनीन. म्हणजे एकूण सहा बंध, आपल्या ईडीटीएचेही सहाच! ओळखायचं कसं? प्रकाश सोडून. क्षपित अवस्थेत 550 नॅनोमीटरला, हिरव्या भागात, काळा पट्टा दिसतो. ऑक्सिडेशन झालं की तो पुसट होतो. लोखंड इलेक्ट्रॉन घेतं आणि देतं, त्यावर पेशीचा श्वास चालतो.

1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध फक्त 40 पानांचा, आपल्या बी.ई.च्या प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा बारीक.

त्याच वर्षी त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे नीरेच्या पोषणमूल्यांवर केलेल्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, संचालकपद मात्र फार उशिरा. पुढे ग्राहक चळवळीत पडून त्या अन्नातल्या भेसळीमागे लागल्या. 1998 मध्ये त्या गेल्या.