उडालेले छप्पर आणि दारची बोर : महाकवी दू फूचे जीवन

चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग आपल्याला शालेय इतिहासापासून परिचित आहे. सातव्या शतकात, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या कारकिर्दीत तो महाराष्ट्रात आला आणि डोंगर कोरून घडवलेल्या एका भव्य विहाराचे वर्णन त्याने लिहून ठेवले. ते अजिंठ्याचेच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ६४५ मध्ये सहाशेहून अधिक ग्रंथ घेऊन तो राजधानी चांगआनला परतला. त्या ग्रंथांच्या आणि बुद्धमूर्तींच्या जतनासाठी ६५२ मध्ये तेथील विहारात एक मनोरा उभारण्यात आला. बरोबर शंभर वर्षांनी, ७५२ च्या शरद ऋतूत, काही कविमित्रांसह एक चाळिशीचा गृहस्थ त्या मनोऱ्यावर चढला. खाली साम्राज्याची वैभवशाली राजधानी पसरली होती. त्याला मात्र डोंगर दुभंगल्यासारखे आणि सारा मुलूख धुक्यात हरवल्यासारखा दिसला. त्याच्यापाशी नोकरी नव्हती, पुरेसे अन्न नव्हते आणि कवी म्हणून फारसे नावही नव्हते. आज चिनी लोक ज्याला कवींमधील ऋषी मानतात, तो हा दू फू.

दू फूचा जन्म ७१२ मध्ये लुओयांग नगराजवळ एका विद्वान अधिकारी घराण्यात झाला. त्याचे आजोबा नावाजलेले कवी होते. आई लवकर वारली आणि आत्याने त्याला वाढवले. लहानपणी तो आणि आत्याचा मुलगा एकाच वेळी आजारी पडले, तेव्हा घरातील जी जागा रोग्याला लाभेल असे जाणत्या बाईने सांगितले होते, त्या जागी आत्याने आपल्या मुलाला न ठेवता या पोरक्या भाच्याला ठेवले. भाचा वाचला, मुलगा गेला. पुढे आत्याच्या मृत्युलेखात दू फूने ही हकीकत स्वतः नोंदवली आहे. जाणत्या बाईच्या उपायावर आपण विश्वास ठेवणार नाही. परंतु दुसऱ्याच्या लेकराला आपल्या लेकराची जागा देणारी ती स्त्री या कवीच्या आयुष्याच्या मुळाशी आहे, हे विसरता येत नाही.

त्या काळी चीनमध्ये राज्यकारभारात शिरण्याचा एक मार्ग परीक्षांचा होता. तरुण दू फू पहिल्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला. ७४७ मध्ये सम्राटाने देशभरातील गुणवंतांना खास परीक्षेसाठी राजधानीत बोलावले. दू फूही बसला. मुख्य प्रधान ली लिनफू याला नव्या, स्वतंत्र बुद्धीच्या माणसांची धास्ती होती. त्याने एकूण एक उमेदवार नापास केले आणि देशात आता निवडण्याजोगा गुणवंत उरलाच नाही, असे सांगून सम्राटाचे अभिनंदन केले. राखीव जागेसमोर योग्य उमेदवार उपलब्ध नाही हा शेरा ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वाचला, त्या समाजाला बाराशे वर्षांपूर्वीची ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

पुढची आठ वर्षे दू फूने राजधानीत श्रीमंतांच्या दारी हेलपाटे घालण्यात काढली. ७५५ मध्ये एक किरकोळ पद मिळाले. थंडीच्या कडाक्यात तो दूर गावी ठेवलेल्या बायकामुलांना भेटायला निघाला. वाटेत राजवाड्यातील मेजवान्यांचे सूर कानी पडत होते आणि रस्त्याकडेला गारठून मेलेल्यांची हाडे पडली होती. घरी पोहोचला तो रडण्याचा आवाज ऐकतच. त्याचे तान्हे मूल भुकेने मरण पावले होते.

या प्रसंगावर त्याने लिहिलेली दीर्घ कविता जगाच्या वाङ्मयात मोलाची मानली जाते, ती बापाच्या आक्रोशामुळे तर खरीच. पण त्या आक्रोशाच्या ऐन मध्यावर तो थांबतो आणि एक हिशेब मांडतो. आपले घराणे करमुक्त आहे, सैन्याच्या सक्तीच्या भरतीतूनही मुक्त आहे. तरीही आपली ही गत झाली असेल, तर ज्यांना कर भरावा लागतो, ज्यांची जमीन गेली आहे, ज्यांची मुले सीमेवर मरत आहेत, त्यांचे काय होत असेल? स्वतःचे दुःख मोजताना स्वतःचे विशेषाधिकारही मोजणारा माणूस इतिहासात विरळा सापडतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस सेनापती आन लुशान याचे बंड पेटले आणि आठ वर्षे देश होरपळत राहिला. दू फू बंडखोरांच्या ताब्यातील राजधानीत अडकला, तेथून निसटून नव्या सम्राटाच्या छावणीत पोहोचला. सम्राटाच्या चुका दाखवून देण्याचे पद त्याला मिळाले. त्याने ते काम खरोखरच केले आणि त्यामुळे दूरच्या जिल्ह्यात त्याची बदली झाली. ७५९ मध्ये प्रवासात एका खेड्यात मुक्काम असताना रात्री शिपाई माणसे धरायला आले. यजमान म्हातारा भिंतीवरून पळाला. मुलांपैकी दोघे आधीच लढाईत मेलेले. शेवटी म्हातारी छावणीत स्वयंपाकाला म्हणून शिपायांबरोबर निघून गेली. दू फूने हे सारे जसेच्या तसे लिहिले. स्वतःची टिप्पणी जोडली नाही. त्याच्या कवितेला काव्यरूप इतिहास म्हणतात, ते अशा रचनांमुळे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी वाटते, की राजदरबाराच्या बखरीत त्या म्हातारीला एक ओळही मिळाली नसती.

त्याच वर्षी त्याने पद सोडले. कुटुंबासह पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात भटकताना बर्फाखालील कंद उकरण्याची पाळी आली. वर्षाच्या शेवटी तो चेंगदू या नगरात पोहोचला आणि ७६० च्या वसंतात मित्रांच्या मदतीने ओढ्याकाठी गवताने शाकारलेली झोपडी उभी राहिली. कोणाकडून बांबू, कोणाकडून फळझाडांची रोपे, कोणाकडून जेवणाची भांडी, असे मागून मागून त्याने घर मांडले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला प्रथमच थोडा विसावा लाभला. ७६१ च्या वसंतात रात्री हलकेच आलेल्या पावसावर त्याने एक प्रसन्न कविता रचली. वेळ ओळखून येणारा, गाजावाजा न करता पिकाला भिजवणारा तो पाऊस मराठवाड्यातील शेतकऱ्याला अनोळखी नाही. कारण त्याची वाट पाहण्यातच आपल्या गावांचे आयुष्य गेले आहे.

त्याच वर्षी शरद ऋतूत वारा आला. चिनी पंचांगाचा आठवा महिना होता. या वादळावरील दू फूची कविता चार भागांत उलगडते. आधी येतो तो केवळ वारा. तो छपराचे गवत उचलतो आणि ओढ्यापलीकडे भिरकावतो. काही पेंढ्या झाडांच्या शेंड्यांना अडकतात, काही डबक्यात बुडतात. मग येतात पलीकडच्या वस्तीतील मुले. ती गवत उचलून बांबूच्या बनात पसार होतात. म्हातारा कवी घसा सुकेपर्यंत ओरडतो, त्यांना चोर ठरवतो आणि काठी टेकत परततो. वारा थांबतो तोच काळोख दाटतो आणि पाऊस लागतो. पांघरूण जुने, कडक, मुलाने झोपेत लाथा मारून फाडलेले. अंथरुणावर कोरडी जागा नाही. बंडापासून त्याला धड झोप लागलेली नाही आणि ही ओली रात्र सरता सरत नाही. आणि नेमक्या त्याच ठिकाणी, जिथे दुसरा कोणी नशिबाला किंवा आभाळाला दोष देईल, तिथे तो हजारो दालनांचे एक विशाल घर कल्पितो. वारापावसात पर्वतासारखे अचल राहणारे असे घर, की ज्यात साऱ्या गरीब विद्वानांना आसरा मिळेल. तसे घर उभे राहणार असेल, तर आपली झोपडी मोडली आणि आपण गारठून मेलो तरी चालेल, असे तो म्हणतो.

ही कविता मी प्रथम भाषांतरातून वाचली तेव्हा ती मला परकी वाटली नाही. आमच्या लहानपणी घरावर पत्रे होते आणि पत्र्यांवर दगड. एका वर्षी मृगाच्या आधी वादळाने तीन पत्रे नेले. रात्रभर आम्ही भावंडे आईच्या पदराआड भिंतीला टेकून बसलो. सकाळी वडील शोधायला गेले आणि दोनच पत्रे घेऊन परतले. तिसरा नाल्यापलीकडच्या एका पालावर टाकलेला त्यांनी पाहिला होता. आत बाळंतीण होती, म्हणून त्यांनी तो मागितला नाही. त्या पावसाळ्यात आमच्या घरात एका कोपऱ्यात सतत घमेले ठेवलेले असे. मला वडिलांचा राग आला होता आणि तो बरीच वर्षे टिकला. म्हणून दू फूच्या मुलांवरील आरडाओरड्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

या कवितेवर आक्षेपही घेतले गेले आहेत. १९७१ मध्ये चिनी विद्वान क्वो मोरुओ यांनी आपल्या ग्रंथात दू फूला खडे बोल सुनावले. गरिबांच्या पोरांना चोर म्हणणाऱ्या या कवीला आसरा हवा आहे तो फक्त आपल्यासारख्या शिकलेल्यांना, असा त्यांचा रोख होता. आपण हा आक्षेप झटकून टाकू नये. मूळ कवितेतील शब्द खरोखरच विद्वानवर्गाचा आहे. ज्यांना अक्षरच नाकारले गेले, ते त्या विशाल घराच्या दारात उभे राहिले असते, तर द्वारपालाने त्यांना आत घेतले असते का, हा प्रश्न आपल्यासारख्यांनी नाही विचारायचा तर कोणी?

पण दू फूचे आयुष्य त्या रात्री संपले नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर पुढच्या आयुष्यात आहे. त्याला आधार देणारा अधिकारी मित्र ७६५ मध्ये वारला आणि दू फू नदीमार्गाने पुन्हा निघाला. मधुमेह जडला होता, फुप्फुसे थकली होती, ऐकू कमी येऊ लागले होते. यांगत्से नदीच्या घळीजवळील क्वीचौ या गावी तो सुमारे दोन वर्षे राहिला आणि तेथे त्याने चारशेच्या आसपास कविता लिहिल्या. त्याच्या तेथील एका घरासमोर आपल्या बोरीच्या जातकुळीचे फळझाड होते. पश्चिमेकडील शेजारीण, निपुत्रिक, एकाकी, अन्नाला मोताद असलेली स्त्री, येऊन त्याची फळे झोडपून नेत असे. दू फूने तिला कधी अडवले नाही. ७६७ मध्ये ते घर त्याने एका नातलगाला राहायला दिले. नातलगाने कुंपण घातले. तेव्हा दू फूने त्याला पत्ररूप कविता लिहिली. तिने हे गरिबीपायी केले. ती आधीच संकोचून असते, म्हणून तिच्याशी उलट अधिक आपुलकीने वागावे. कुंपण साधे असले तरी तिला ते आपल्यासाठीच घातले असे वाटेल. करांनी तिला नागवले आहे आणि युद्धाने सारा देश रडतो आहे, असा तिचा आशय आहे.

सहा वर्षांपूर्वी गवत नेणाऱ्या मुलांवर ओरडणारा हाच माणूस. ती मुले आणि ही स्त्री एकाच वस्तीतली म्हणावीत अशी. बदलला तो कवी. वादळाच्या कवितेतील कल्पनेतले भव्य घर त्याला कधीच बांधता आले नाही. पण एका दारापुढचे कुंपण काढा, एवढे तो सांगू शकत होता आणि ते त्याने सांगितले. माझ्या मते दू फूची थोरवी या दोन कवितांच्या मधल्या सहा वर्षांत आहे.

७७० च्या हिवाळ्यात हुनान प्रांतातील नदीवर, एका होडीत, तो मरण पावला. कुटुंबाकडे अस्थी गावी नेण्याइतकेही पैसे नव्हते. त्रेचाळीस वर्षांनी, ८१३ मध्ये, नातवाने त्या मूळ गावाकडे नेल्या. त्याच्या सुमारे चौदाशे कविता आज उपलब्ध आहेत. चेंगदूमध्ये त्याच्या झोपडीच्या स्मृतिस्थळी मोठे उद्यान आणि संग्रहालय आहे.

दू फूने कल्पिलेले घर आपल्याकडे दुसऱ्या वाटेने उभे राहिले. महात्मा फुले दांपत्याने १८४८ मध्ये शाळेचे दार उघडले, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा घातली, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले आणि १९५० मध्ये आपल्या याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. दू फूला शिकलेल्या गरिबांसाठी छप्पर हवे होते. बाबासाहेबांनी ज्यांना शिकूच दिले नव्हते त्यांच्यासाठी आधी छप्पर उभारले आणि त्याखाली विद्वान घडवले. हा फरक लहान नाही.

या स्मरणिकेचे बहुतेक वाचक अशाच कुठल्यातरी छपराखाली वाढले. त्यातील अनेकांची आज स्वतःची पक्की घरे आहेत आणि त्याचा आनंदच आहे. आपल्या शाळेच्या आवारात कडेला बोरी आहेत. हिवाळ्यात पलीकडच्या वस्तीतील बायका पहाटे बोरे वेचायला येतात. पूर्वी मी त्यांना हटकत असे. आता हटकत नाही, आणि मुलांनाही हटकू देत नाही.